बाळूची बीएमएक्स आणि चंद्रीचा कान

सायकल मिस्त्रीकडे लोक सायकल घेऊन येतात असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. लोक आवाज घेऊन येतात. "मिस्त्री, कुठनं तरी कटकट यायलीय बघा," एवढं बोलून सायकल फळीला टेकवतात आणि समोरच्या हॉटेलात चहाला जातात. ती कटकट हुडकायची आमची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी दुकान टाकलं तेव्हा मला मिसरूड नुकतं फुटलं होतं. आता तेही पांढरं झालं. मधल्या काळात काय केलंस असं कुणी विचारलं, तर कान देऊन बसलो होतो, हेच खरं उत्तर आहे.

एकदा एक मास्तर आले. पेडल मारलं की करकर, थांबलं की बंद. मी दोन्ही पेडलं खोलली, चेन उतरवली, मधले छर्रे बदलले. स्वतः बसून चक्कर मारून आलो तर सायकल एकदम गप. मास्तर बसले की पुन्हा करकर. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, जरा उतरून नुसतं चालून दाखवा." मास्तर चालले. करकर त्यांच्या पायातल्या नव्या कोऱ्या कापशी चपलांची होती. ती पण मुद्दाम करवून घेतलेली, कारण न वाजणारी चप्पल आमच्याकडं माणूस परत देऊन येतो. "मग सायकल उगंच खोललासा व्हय?" असं मलाच फटकारून मास्तर करकरत निघून गेले.

आवाज ही एक विद्या झाली. दुसरी विद्या रंगाची. पूर्वी सायकल रंगवली की दांड्यावर बारीक रेघ मारायची पद्धत होती. लांब केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढायची. हातकणंगल्याचे एक गृहस्थ खास माझ्या रेघेसाठी रेल्वेनं सायकल घेऊन यायचे. रंगवून झाली की ती चालवत न्यायचे नाहीत. "धूळ बसंल की," म्हणून खांद्यावर घेऊन स्टेशनकडं चालू लागायचे. रस्त्यातली पोरं ओरडायची, "पावणं, तिलाबी चाकं हाईत!" आता रेघ मारून घ्यायला कुणी येत नाही. स्टिकर मिळतात. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

माझ्या स्वतःच्या सायकलीविषयी मात्र न बोललेलं बरं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काळी, उंच, दांड्याची सायकल. डावं पेडल रबराचं, उजवं पेडल लोखंडी दातऱ्यांचं. ते माझ्या चपला खातं असं घरची म्हणते. दिवसभर दुसऱ्यांच्या सायकलींना ऑइल घालणारा मी, माझ्या सायकलीला ते कधी घातल्याचं आठवत नाही. निघालो की 'कुईं... टक, कुईं... टक' असं सुरू होतं. दुकान बंद करायची माझी वेळ कधी ठरलेली नसते, तरी घरात पाऊल टाकलं की चहा उकळतच असतो. न सांगता बायकोला माझी वेळ कळते, संसार मुरला तो असा, याचा मला मोठा अभिमान वाटत असे.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर बाळू गवळी दुकानात आला. बाळू आता पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गल्लीत मान असलेला माणूस. घरचा म्हशींचा गोठा आहे. त्यानं टेम्पोतून एक सायकल उतरवली. बरोबर त्याची मुलगी प्राजक्ता होती. ती शाळेत चित्रकला शिकवते.

"मिस्त्री, वळखली का?" बाळू म्हणाला.

न ओळखून सांगतो कुणाला? पेठेतली पहिली बीएमएक्स. बाळू सातवी पास झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी घेऊन दिलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीएमएक्स म्हणजे बुटकी, जाड टायरची, उंच हँडलची पोरांची सायकल. दांड्यावर आणि हँडलवर फोमच्या गुंडाळ्या, पुढं शर्यतीच्या गाडीसारखी नंबराची पाटी. त्या काळी ज्याच्याकडं ती, तो गल्लीचा राजा. आता तिचा लाल रंग वाळलेल्या मिरचीसारखा झालेला, हँडलला गंज, आणि फोमची एक गुंडाळी कुणीतरी खाल्लेली.

"फोम कुणी खाल्ला रे?"

"चंद्रीच्या आईनं. रेडकू असताना."

इथं चंद्रीची ओळख करून दिली पाहिजे, आणि पाडव्याचीही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. शिंगं तासून रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, डोक्यावर मोरपिसं बांधतात. मग मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून कानठळ्या बसवत पुढं सुटतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. ज्याची म्हैस मालकामागं सुसाट येते, त्याची कॉलर वर्षभर ताठ. सगळे मोटारसायकल वापरतात. एकटा बाळू या बीएमएक्सवर बसतो. गुडघे कानाला लागतात, सायकल दिसतच नाही, माणूस हवेत बसून पेडल मारतोय असं वाटतं, आणि मागून चंद्री शेपूट वर करून धावत येते. चंद्रीची आजी याच सायकलीमागं धावायची, आईही धावायची. लांबून लांबून लोक बघायला येतात. बाळूची सगळी पत या एका गोष्टीवर उभी आहे.

"नवी करा," बाळू म्हणाला. "रंग, निकेल, फोम, समदं. एकदम चकाचक."

"काका, हात लावू नका," प्राजक्ता म्हणाली. "हाय तशी ऱ्हाऊ दे. फक्त गंज वाढायचा थांबवा."

"मुरगूडची पावणं पाडव्याला यायलेत, मिस्त्री. हिला बघून गेलेत, पसंती दिलीया. आता म्हस सायकलमागं पळती म्हंत्यात ती कशी, ते डोळ्यांनी बघून मग याद्या करायच्या म्हंत्यात. त्यांच्या दारात बी म्हशी हाईत. त्यांच्याम्होरं मी ह्या भंगारावर बसू?"

"भंगार न्हाई ते, पप्पा. ह्यातला एकेक ओरखडा खरा हाय. रंग दिला की ही आणि दुकानातली नवी, फरक काय उरला?"

"ती चांगली दिसती, ह्योच फरक!"

लग्न पोरीचं, सायकल बापाची आणि पंच मी. "ठेवून जा, बघतो," म्हटलं, कारण दोघांचा आवाज वाढला होता आणि हॉटेलातली माणसं चहाचे ग्लास घेऊन बाहेर आली होती.

आमच्या धंद्यात हा प्रश्न नेहमी येतो. नवी करायची म्हणजे जुना रंग पूर्ण खरवडायचा, पोचे काढायचे, निकेल चढवायचं, रंगवायचं. जपायची म्हणजे रॉकेलच्या बोळ्यानं मळ काढायचा, गंज जिथं आहे तिथं थोपवायचा, मेण लावायचं आणि हात आवरायचे. हात आवरणं सर्वांत अवघड. मी दांड्याखाली थोडंसं पुसून बघितलं तर आत कडक लाल रंग निघाला. माझा हात शिवशिवायला लागला. लाल दांड्यावर पिवळी रेघ कशी दिसली असती! किती दिवसांनी ब्रश बाहेर निघाला असता. खरं सांगतो, मनातून मी बाळूच्या बाजूचा होतो.

दुसऱ्या दिवशी दोघं आले तेव्हा मी सायकल उलटी करून एकेक गोष्ट दाखवायला लागलो. "हा पोचा काढावा लागंल."

"तो घाटाच्या पायरीवरनं उडी मारलेला," बाळू म्हणाला. "काढा."

"हा ओरखडा?"

"चंद्रीच्या आजीचं शिंग. काढा."

"पाटीवर करकटकनं 'बाळू' कोरलंय."

"काढा की. पावण्यांनी वाचलं म्हंजे?"

"आणि हा हुक." हँडलला एक ओबडधोबड लोखंडी हुक होता, दुधाची किटली अडकवायला. बीएमएक्सला जगात कुठं हुक नसतो. सायकल घेऊन दिली खरी, पण नुसती खेळायला कशी देणार, म्हणून बाळूच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून तो बसवून घेतला होता. गल्लीचा राजा उंच हँडलला किटली लटकवून रतीब घालत फिरायचा. "हा कापतो, घासतो, मग निकेल देतो."

बाळू हुकाकडं बघत राहिला. मग त्यानं हुकाला बोट अडकवलं, वडिलांचं बोट धरल्यागत. "तेवढं ऱ्हाऊ दे," म्हणाला.

"मग त्याच्यावरचा गंज?"

"तो बी ऱ्हाऊ दे."

"मग हँडल नवं चकचकीत आणि हुक गंजका, कसं दिसंल?"

"मग हँडल बी ऱ्हाऊ दे."

असं करत करत अख्खी सायकल राहिली. शिंगाचा ओरखडाही राहिला आणि खाल्लेला फोमही. प्राजक्ता गालात हसत होती. बाळू मात्र मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही म्हातारपणी आळशी झालासा. काम टाळलंसा." माझी पिवळी रेघ हुकली ती हुकलीच, वर हे ऐकून घेतलं.

निघताना बापलेकीचं एका गोष्टीवर एकमत झालं. एवढ्या भांडणात ते पहिलंच.

"ऑइलपाणी तेवढं दणकून करा," बाळू म्हणाला.

"व्हय काका, ऑइलपाणी करा," प्राजक्ता म्हणाली. "त्यानं काय बदलत न्हाई."

मलाही ते पटलं. उलट, रंगाची हौस भागली नव्हती ती मी ऑइलात भागवली. चेन रॉकेलात बुडवली, दोन्ही चाकांचे छर्रे धुतले, जिथं ग्रीस जाईल तिथं भरलं. डाव्या पेडलमध्ये तर काळा कीट साठून दगड झाला होता. तो खोदून काढला, नवे छर्रे घातले, बोटानं फिरवलं तर पेडल आपलं फिरतंच आहे. दुकानासमोर चक्कर मारली. सायकल अशी गेली की हॉटेलपुढं झोपलेल्या कुत्र्यानं मानही वर केली नाही. दिसायला जुनी, चालायला लोणी. माझा मीच खूश होऊन एक जादा चहा प्यालो.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाळू घामाघूम होऊन दुकानात आला. "मिस्त्री, काय केलंसा तुम्ही? चंद्री हलंना!"

मी त्याच्याबरोबर चालतच गोठ्यावर गेलो. चंद्री मधोमध उभी होती. बाळू बीएमएक्सवर बसून तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. "चल, चल गं माझी बाय!" चंद्री त्याला बघत होती, पण लग्नात दुसऱ्याच मांडवात शिरलेल्या माणसाकडं बघतात तशी. त्यानं दोरी ओढली तर ती खाली बसली.

"वास बदलला असंल," मी म्हटलं. "रॉकेल, मेण लागलंय ना." झालं, बाळूनं शेणात हात घातला आणि सायकलीला चोपडायला सुरुवात केली.

"पप्पा! जपून ठेवलेल्या सायकलीला शेण?" प्राजक्ता ओरडली.

"शेण तिला पयल्यापासनं हुतंच की! ते तर मूळचं हाय!"

शेणानं काही झालं नाही. मग बाळू रोजचा फाटका बनियन घालून आला. मग टोपी घालून आला. मग टोपी काढून आला. चंद्री रवंथ करत होती. बाळू पुन्हा फेऱ्या मारू लागला आणि मी नेहमीच्या सवयीनं कान दिला. काहीच ऐकू आलं नाही.

"बाळू, ह्याआधी ही सायकल वाजायची का रे?"

"वाजायची की! लय वाजायची. म्हणून तर ऑइलपाणी करा म्हटलं."

"ती त्या आवाजामागं येत होती, बाबा."

बाळू सायकलवरून उतरला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे माझ्यामागं न्हाय?" म्हणाला. "मी आपला म्हणायचो, जीव हाय तिचा माझ्यावर. तिच्या आजीपासनं म्हणायचो." मला त्याची दया आली आणि हसूही आलं. जनावराला कानाची ओढ असते, माणसाची नसते, असं काहीतरी शहाणपण मी त्याला शिकवल्याचं आठवतं.

मग आम्ही आवाज परत आणायच्या मागं लागलो. आयुष्यभर आवाज मारलेल्या माणसावर आवाज करायची वेळ आली. पेडलमध्ये वाळू घातली तर खरखर आली. चाकाच्या तारांत पत्त्यांतला गुलाम अडकवला तर फडफड आली, आणि गुलाम चंद्रीनं खाल्ला. पण आधीचा आवाज नेमका कसा होता, यावरही बापलेकीचं जमेना. बाळू म्हणे 'किर्रर्र', प्राजक्ता म्हणे 'कुईं'. शेवटी तिघंही गोठ्यात ओळीनं उभं राहून तोंडानं आवाज काढायला लागलो. बाळूची बायको फराळाचं ताट घेऊन आली होती, ती दारातूनच परत गेली. चंद्रीनं आमचा एकेकाचा आवाज नीट ऐकून घेतला, उठली, आणि आमच्याकडं पाठ करून पुन्हा बसली.

"उद्या माझी इज्जत ह्या पेडलवर हाय, मिस्त्री," बाळू म्हणाला. "पावण्यांनी नको म्हटलं तर पोरीला तोंड कसं दाखवू?" पोरगी शेजारीच उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता.

पाडव्याला मी मुद्दाम उशिरा निघालो. एक तर घरी ओवाळणी होती. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते तेव्हा घाई केलेली चालत नाही. आणि दुसरं, बाळूची फजिती बघायची माझी हिंमत नव्हती. शेवटी काळी सायकल काढली आणि मागच्या बोळातून चौकाकडं निघालो, म्हणजे कुणाच्या नजरेत येणार नाही.

चौकात गर्दी फुटली होती. मुरगूडचे पाहुणे फेटे बांधून पुढच्याच ओळीत. मधे चंद्री, शिंगांना गुलाबी रंग, डोक्यावर मोरपिसं, अंगावर कवड्या, आणि चारी पाय जमिनीत रोवलेले. पुढं बाळू बीएमएक्सवर, गुडघे कानाला. तो सुटायचा, दहा पावलं जायचा, मागं बघायचा आणि परत यायचा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बाळूदा, तिला मागं डबलसीट घ्या की!" सगळा चौक हसला. बाळूचा चेहरा शिंगांपेक्षा गुलाबी झाला होता.

मी बोळाच्या तोंडाशी आलो. कुईं... टक.

चंद्रीचे कान उभे राहिले.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी आपला गर्दीच्या कडेनं निघालो. कुईं... टक, कुईं... टक. चंद्रीनं मान फिरवली, माझ्याकडं बघितलं आणि शेपूट वर केली. शेपूट वर गेली की पुढं काय होतं हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. मी पेडल दाबलं. जोरात दाबलं तसा आवाज वाढला, आवाज वाढला तशी चंद्री सुटली. थांबलो असतो तर आवाज थांबला असता, हे मला आज सुचतंय. त्या वेळी मागं एवढी मोठी सजवलेली म्हैस होती. मी साठी कधीच ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा तोंडात धरून अख्ख्या पेठेतून पळत होतो. माझ्यामागं चंद्री, चंद्रीमागं बाळू बीएमएक्सवर "थांबा मिस्त्री! थांब गं!" करत, आणि त्याच्यामागं हलगीवाले, त्यांना वाटलं मिरवणूक सुरू झाली.

तालमीपुढं माझा दम संपला. चपलेचा अंगठा पेडलनं केव्हाच खाल्ला होता. मी सायकल टाकून पायरीवर चढलो. चंद्री थांबली, माझा वास घेतला, नाराज झाल्यासारखी फुरफुरली आणि वळून बाळूकडं गेली. त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार तिनं शांतपणे खाल्ला. बाळूनं तिच्या मानेला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर घळाघळा रडला.

मुरगूडचे पाहुणे धापा टाकत मागून आले. मुलाचे वडील कमरेवर हात ठेवून हसत होते. फेटा सुटून गळ्यात आला होता. म्हणाले, "आमच्यात गाडीमागं म्हस पळती. तुमच्यात म्हशीमागं बी गाडी पळती की हो! याद्या आजच करू." याद्या त्याच संध्याकाळी झाल्या. नवरामुलगा तोवर माझी टाकलेली सायकल उचलून, उजव्या पेडलकडं वाकून बघत होता. प्राजक्ताला मिळालेला मुलगा बरा आहे, हे मला तेव्हाच पटलं.

कारण कोडं तिथंच सुटलं. मीही वाकून बघितलं आणि मला आठवलं. बाळूनं घाटाच्या पायरीवरून ती उडी मारली, तेव्हा बीएमएक्सचं डावं पेडल तुटलं होतं. पेडलं जोडीनं मिळतात. डावं त्याला बसवलं, उजवं उरलं ते मी माझ्या सायकलीला लावून टाकलं. एका खोक्यातली दोन पेडलं, एकाच पेठेत, दोघांनाही कधी ऑइल नाही. त्याचं डावं आणि माझं उजवं, दोघं एका सुरात म्हातारी झाली होती.

भाऊबीज झाल्यावर बाळू आणि प्राजक्ता बीएमएक्स घेऊन आले. बाळूला माझं पेडल हवं होतं. पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. माझं उजवं पेडल त्याच्या डाव्या बाजूला बसणार नाही, ते उजवीकडंच बसणार, म्हणजे कारखान्यातून आलेलं त्याचं मूळचं उजवं पेडल काढावं लागणार. मी प्राजक्ताकडं बघितलं. हिनं तर मला नटसुद्धा बदलू दिला नव्हता.

"काढा काका," ती म्हणाली. "जपायचं ते राहून गेलं आणि आपण रंगावर भांडत बसलो." मूळचं पेडल तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मी माझं पेडल बसवलं, बाळूनं एक चक्कर मारली. कुईं... टक. हॉटेलपुढचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. बाळूला इतका आनंद झाला की त्यानं कुत्र्याला बिस्किटाचा पुडा घेतला.

मी माझ्या सायकलीला नवी पेडलं लावली, दोन्ही सारखी, रबराची, ऑइल घातलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गप चालली. संध्याकाळी मजेत घरी आलो, सायकल लावली, आत गेलो. बायको लसूण सोलत बसली होती. मला बघून दचकली.

"अगंबाई! कधी आलासा?"

"हा काय आत्ता. चहा?"

"चहा कुठला? तुम्ही यायलाय हे कळाय नको? कोपऱ्यावर कुईं झालं की मी आधण ठेवती. आज कुईं कुठं झालं?"

मी पाटावर बसलो. बाळूला सांगितलेलं ते कानाचं शहाणपण सगळं आठवलं. संसार मुरला, न सांगता कळतं, असं मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत होतो. चंद्रीचं आणि तिचं एकच झालं, हे ओठापर्यंत आलं होतं. पण फराळाच्या डब्यात अजून चकल्या शिल्लक होत्या, म्हणून गिळलं.

"माझ्या मनाला काय बरं वाटंना आज," ती आधण ठेवताना म्हणाली. "दिवे लागणीची वेळ गेली, तुमचा पत्ता न्हाई. मी दोनदा दारात जाऊन आली."

दुसऱ्या दिवसापासून मी नव्या पेडलाचं ऑइल रॉकेलनं धुऊन काढायला लागलो. पेडल पाण्यात घालून ठेवलं, मिठात ठेवलं. चांगल्या कंपनीचं आहे, लवकर बिघडेल असं दिसत नाही. तोवर एक उपाय चालू आहे. कोपऱ्यावर वळलो की इकडंतिकडं बघतो, ओळखीचं कुणी नसलं की तोंडानंच म्हणतो, "कुईं... टक. कुईं... टक."

चंद्री याला फसली नव्हती. हीसुद्धा फसत नाही. पण आधण ठेवते.